टर्बो बसविण्यापूर्वी कॉम्प्रेशन पाहा

सहा सिलिंडरच्या साध्या पेट्रोल इंजिनाला टर्बोचार्जर बसवून द्या, अशी मागणी घेऊन गिऱ्हाईक आले, तर कारागीर बांधवांनी दर सांगण्याआधी इंजिनाचे कॉम्प्रेशन पाहावे, असे आम्ही सुचवितो.

टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो आणि सिलिंडरमध्ये जादा हवा दाबून भरतो. दाबलेली हवा तापते. कॉम्प्रेशन मुळातच जास्त असेल तर मिश्रण अवेळी भडकते, इंजिन ठोकू लागते आणि शेवटी पिस्टन फुटतो. बीएमडब्ल्यू कंपनीने १९८० साली ७४५आय मोटारीसाठी ३२१० सी.सी.च्या सहा सिलिंडर इंजिनाला टर्बो जोडला, तेव्हा कॉम्प्रेशन ७:१ वर उतरविले. बिनटर्बोची ताकद १९७ अश्वशक्ती होती, ती २५२ झाली.

म्हणून कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन, जादा पेट्रोलची व्यवस्था, हवा थंड करणारा इंटरकूलर आणि टर्बोच्या बेअरिंगसाठी ऑइलची लाइन, हा सर्व खर्च कोटेशनमध्ये आधीच धरावा. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाहनातील फेरबदलावर बंधने घालते, तेव्हा आर.टी.ओ.त विचारूनच काम हाती घ्यावे. नुसता टर्बो स्वस्तात बसवून दिला, तर फुटलेल्या पिस्टनची भरपाई गिऱ्हाईक मिस्त्रीकडेच मागेल.