लशीची परीक्षा

अमुक औषध गुणकारी आहे असें दहा जणांनीं सांगितलें, म्हणजे तें गुणकारी ठरतें काय? आजारी माणूस पुष्कळदां औषधावांचूनही बरा होतो. म्हणून औषध घेणारे व न घेणारे यांची तुलना केल्यावांचून निर्णय करितां येत नाहीं. या नियमाचें एक उदाहरण आपल्या मुंबईंतच घडलें; तें आम्ही येथें सांगतों.

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत प्लेग उघडकीस आला. सरकारनें वाल्डेमार हाफकिन या जंतुशास्त्रज्ञास मुंबईस बोलाविलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांनीं तीन महिन्यांत लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःसच टोंचवून घेतली. परंतु एका माणसास ती बाधली नाहीं, एवढ्यावरून ती गुणकारी कशी म्हणावी? त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. सुमारें निम्म्या कैद्यांनीं लस घेतली. बाकीच्यांनीं घेतली नाहीं. राहणें व खाणें सर्वांचें सारखेंच होतें. लस न घेतलेल्यांपैकीं १२ जणांस प्लेग झाला व ६ दगावले. घेतलेल्यांपैकीं दोघांसच झाला व दोघेही वांचले. आंकडे लहान होते, आणि बंदिवानाची संमति कितपत मोकळी असते हा प्रश्न उरतोच. तरी अधिकाऱ्यांस तुलनेचा आधार मिळाला.

पुढें १९०२ सालीं पंजाब सरकारनें लाखों लोकांस लस टोंचण्याचें ठरविलें. ३० ऑक्टोबर रोजीं हल्लीं पाकिस्तानांत असलेल्या मुल्कोवाल गांवीं १०७ जणांस लस देण्यांत आली. त्यांपैकीं एकाच बाटलींतील लस मिळालेले १९ जण धनुर्वातानें मेले. एकोणीस घरांवर आकाश कोसळलें. अपराधी कोण, हें ठरणें अवश्यच होतें. चौकशीमंडळानें दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेविला आणि हाफकिन यांस पदावरून दूर व्हावें लागलें. वस्तुतः बूच काढण्याचा चिमटा तेथें जमिनीवर पडला होता व नीट निर्जंतुक न करितां वापरला गेला, अशी साक्ष कागदांत होती. बाटली उघडतांना लशीस दुर्गंध नव्हता, हेंही नमूद होतें; धनुर्वाताचे जंतु आंत आधींच वाढले असते, तर तो आला असता. १९०७ सालीं रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं हें उघडपणें मांडलें, तेव्हां कोठें हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ सालीं परळच्या त्या प्रयोगशाळेस त्यांचेंच नांव देण्यांत आलें.

विद्यार्थिमित्रांनो, ज्या सरकारनें लशीचा गुण मोजून पाहिला, त्याच सरकारनें माणसाचा दोष मात्र पुरता न तपासतां मानला. औषधाची परीक्षा जितक्या काळजीनें करावी, तितक्याच काळजीनें मनुष्याचीही करावी, हाच या हकिकतीचा बोध आम्हांस वाटतो.