धीराचे फूल

उत्तर अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात मोहावी आणि सोनोरा ही दोन विस्तीर्ण वाळवंटे आहेत. तेथे पर्जन्य अत्यल्प. मोहावीतील ‘मृत्यूची दरी’ या प्रदेशात तर वर्षाकाठी सरासरी अवघा ५ सेंटिमीटर पाऊस पडतो. अशा वाळवंटांच्या वाळूतही एक नाजूक वनस्पती आपला संसार थाटते. शास्त्रज्ञ तिला ‘ईनोथेरा डेल्टॉइडिस’ म्हणतात. आपल्याकडे पाणथळ जागी उगवणारी पाणलवंग ही हिचीच कुलभगिनी. परंतु एकीला चिखल प्रिय, तर दुसरीच्या वाट्याला कोरडी वाळू!

हिवाळ्यातील पावसाने वाळू खोलवर भिजली, की बीज रुजते. प्रथम जमिनीलगत पानांचा वर्तुळाकार झुबका पसरतो. वसंतात सूर्य मावळता मावळता कळ्या उमलतात आणि चार पाकळ्यांची शुभ्र, सुगंधी फुले वाळूवर चमकू लागतात. संधिप्रकाशात हिंडणारे मोठे पतंग लांब सोंडेने त्यांतील मध शोषतात व परागकण एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेतात. त्यांपैकी काहींचे सुरवंट या झाडाची पाने खातात, हा त्या सेवेचा मोबदलाच म्हणावा! दुसऱ्या दिवशी ऊन चढताच फूल गुलाबी होऊन कोमेजते.

उन्हाळा आला, की झाड मरते. सुकताना त्याच्या पसरलेल्या फांद्या वर व आत वळतात आणि त्यांना पिंजऱ्याचा आकार येतो. म्हणून लोक त्यास ‘पक्ष्याचा पिंजरा’ म्हणतात.

झाड गेले, तरी वंश उरतो. एका पावसाला भुलून सारे बीज रुजले आणि पुढे पावसाने दगा दिला, तर काय होईल? म्हणूनच वाळवंटातील अशा वर्षायू वनस्पतींचे सर्व बीज एकाच वर्षी अंकुरत नाही; काही वाळूत निद्रिस्त राहते. दुबार पेरणीची पाळी येईल, हे जाणून शहाणा शेतकरी थोडे बियाणे राखून ठेवतो, तसेच हे आहे. पुढे कधी मनाजोगा पाऊस झाला, की ते राखलेले बीज जागे होते. २०१७ सालच्या वसंतात कॅलिफोर्नियातील अँझा-बोरेगो येथील ओसाड माळ अशाच फुलांनी बहरून गेले होते.

फुलाचे आयुष्य एका रात्रीचे. परंतु बीजाचा धीर अनेक वर्षांचा. त्या धीरावरच वाळवंटातील हा वंश तगून राहिला आहे.

स्वाध्याय
१. या झाडास ‘पक्ष्याचा पिंजरा’ का म्हणतात?
२. सर्व बीज एकाच वर्षी रुजले असते, तर काय झाले असते?
३. ‘दगा देणे’ व ‘तगून राहणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.