ऐरणीची जागा

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे प्राचीन तीर्थक्षेत्र आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक येथे आहे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. येथील देवळाच्या बाह्य भिंती कोरीव मूर्तींनी भरून गेल्या आहेत. त्या पाहताना पाथरवटांच्या कौशल्याचे कौतुक वाटते. परंतु आणखी एका कारागिराची आठवण सहसा कोणास होत नाही. दगडावर चालणारी टाकी लवकरच बोथट होते. ती तापवून, ठोकून तिला पुन्हा धार देणारा लोहार नसेल, तर पाथरवटाचा हात थांबतो.

खेड्यातील लोहाराचे घर व कामाची जागा पुष्कळदा एकाच छपराखाली असते. मृगाच्या पावसाआधी शेतकरी वखराची पास, खुरपी, विळे, कुऱ्हाडी घेऊन तेथे येतात. नवख्याला तेथे केवळ धूर, काजळी आणि ठणठणाट जाणवतो. वास्तविक तेथील प्रत्येक हत्याराची जागा विचारपूर्वक ठरवलेली असते.

प्रथम ऐरण पाहा. ती नुसती जमिनीवर ठेवलेली नसते. बाभळीसारख्या कठीण लाकडाचा ओंडका उभा पुरून, भोवतालची माती घट्ट ठोकून, त्यावर ती पक्की बसवतात. लाकडाचे तंतू उभे असले म्हणजे ते घाव चांगला सोसतात. ऐरण डुगडुगू लागली, तर घावाचे बळ ती हलण्यात वाया जाते. लोखंडाला आकार येत नाही आणि हात मात्र दुखू लागतो. उंचीही महत्त्वाची असते. उभ्याने काम करणाऱ्याचा हात सरळ खाली सोडला असता मुठीची बोटे ऐरणीच्या माथ्याला टेकावीत. बसून काम करणाऱ्याची ऐरण अर्थातच बुटकी असते.

ऐरणीपासून भट्टी एका पावलावर असते. यामागे काळाचा हिशेब आहे. खुरप्याचे पाते पातळ असते. भट्टीबाहेर काढताच काही क्षणांत त्याचा लाल रंग मावळू लागतो. त्या वेळी सांडशी शोधण्यात अथवा हातोडा कोठे आहे हे आठवण्यात वेळ गेला, तर पाते पुन्हा तापवावे लागते. थंड लोखंडावर घाव घालीत राहिले, तर ते तडकण्याचा संभव असतो. म्हणून सांडशी डाव्या हाताशी, हातोडा उजव्या हाताशी आणि पाण्याची डोण जवळच असते. आज अनेक ठिकाणी भात्याऐवजी विजेचा पंखा भट्टीला वारा देतो. परंतु ही मांडणी बदललेली नाही.

भट्टी नेहमी छपराच्या अंधाऱ्या बाजूला असते. तापलेल्या लोखंडाचा रंग तांबडा, नारिंगी, पिवळा असा बदलत जातो. त्यावरून लोहार उष्णता ओळखतो. भर उन्हात हे रंग नीट दिसत नाहीत. याउलट शेगडा उजेडात, खिडकीजवळ बसवतात. कारण कानस चालवताना बारीक रेषही दिसावी लागते. त्याचा माथा उभ्या माणसाच्या कोपराइतका उंच असला, की पाठ वाकत नाही. कानशी एकमेकींवर रचल्या, तर त्यांचे दाते झिजतात. म्हणून प्रत्येकीला निराळी खाच असते. हातोडे दोन खुंट्यांच्या आधाराने, दांडा खाली ठेवून टांगतात. त्यामुळे दांड्याची पाचर सैल झाली असल्यास तत्काळ ध्यानात येते. सैल हातोड्याचे डोके उडाले, तर समोरच्याच्या जिवावर बेतते.

तांबटाची मांडणी याहून थोडी निराळी असते. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याची भांडी ठोकून घडवतात. भांड्याच्या आतून टेकू मिळावा म्हणून लोखंडी खरवई भक्कम रोवतात व भांडे तीवर चढवून बाहेरून मठारतात. भांड्याचा आकार पालटला, की खरवईही पालटावी लागते. हत्यारे वेगळी असली, तरी नियम एकच : आधार पक्का आणि हत्यार हाताशी.

लोहाराच्या कामाच्या जागी आणखी एक कोपरा असतो. नुकतेच घडवलेले जिन्नस तेथेच ठेवायचे, असा कडक दंडक असतो. लाली गेलेले लोखंड काळे दिसते. परंतु ते हाताची कातडी सोलून काढण्याइतके तप्त असू शकते. एखाद्याने ते वाटेत टाकले, तर भाजतो तो दुसराच. शिस्त मोडणाऱ्यापेक्षा निरपराध माणसालाच तिचा भुर्दंड अधिक पडतो.

गोरोबाकाकांनी थापटण्याने परीक्षा घेऊन संत नामदेवांना कच्चे मडके ठरवले आणि मग नामदेवांना याच औंढ्यात विसोबा खेचर हे गुरू भेटले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. कच्चेपण कोणालाही चुकत नाही. लोहाराचा मुलगाही पहिल्या दिवशी घण उचलीत नाही. तो प्रथम उचललेले हत्यार जागच्या जागी ठेवण्यास शिकतो. त्याचे शिक्षण तेथूनच सुरू होते.

स्वाध्याय

१. ऐरण पक्की नसल्यास कोणते तोटे होतात?
२. भट्टी अंधारात व शेगडा उजेडात का असतो?
३. 'भाजतो तो दुसराच' या वाक्याचा आशय स्वतःच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या गावातील एखाद्या कारागिराच्या हत्यारांची मांडणी पाहून दहा ओळी लिहा.