आंब्याचें कोयकलम : केव्हां व कसें बांधावें?

गोड हापुसाची कोय पुरली म्हणजे हापुसाचेंच झाड होतें, अशी आपल्या पुष्कळ शेतकरी बंधूंची समजूत आहे. ती चुकीची आहे. हापुसाच्या कोयींतील अंकुर दोन झाडांच्या परागसंयोगापासून झालेला असतो. म्हणून त्याचीं फळें आईसारखीं निघतीलच असा नेम नाहीं. सात-आठ वर्षें पाणी घालावें आणि शेवटीं आंबट रायवळ हातीं यावा, ही हानि गरिबास सोसण्यासारखी नाहीं. म्हणून हापूस पाहिजे तर कलमच केलें पाहिजे.

कलमांत दोन भाग असतात. मुळें ज्याचीं तो खुंट, व फळ ज्याचें पाहिजे त्या झाडाची काडी. सालीच्या आंत व लांकडाच्या बाहेर एक पातळ, ओलसर, वाढता थर असतो. दोहोंचा हा थर एकमेकांस भिडला तरच सांधा जुळतो.

पूर्वी भेटकलमाची चाल फार होती. कुंडींतील वर्षाचें रोप झाडाच्या फांदीशीं नेऊन, दोहोंचीं अंगें तासून एकत्र बांधीत व दोन-तीन महिन्यांनीं कलम उतरवीत. रीत खात्रीची, पण मांडव, कुंड्या व पाणी यांचा खर्च मोठा. १९७२ सालीं स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषि विद्यापीठानें कोंकणांत कोयकलमाचा प्रसार केला, आणि लहान शेतकऱ्याची सोय झाली.

त्याची कृति अशी. जूनमध्यें रायवळाच्या ताज्या कोयी पाण्यांत टाकाव्या. तरंगतील त्या फेकून बाकीच्या ओल्या वाफ्यांत पेराव्या. कोय जुनी झाली कीं उगवत नाहीं. रोप दहा-पंधरा दिवसांचें, पानें तांबूस असतां, तें कोयीसकट अलगद उपटावें. कोयीपासून तीन इंचांवर छाटून मधोमध दीड-दोन इंच चीर द्यावी. काडी तीन-चार महिन्यांची, रोपाइतकीच जाड, डोळा फुगलेली निवडावी. तिचीं पानें आठ दिवस अगोदर देंठ ठेवून कापावीं. धारदार, स्वच्छ चाकूनें तिला दोन्हीं बाजूंनीं पाचरीसारखा काप द्यावा, चिरेंत बसवावी व प्लास्टिकच्या पट्टीनें घट्ट बांधावी. मग पिशवींत लावून सावलींत ठेवावी. सुमारें तीन आठवड्यांत डोळा फुटतो.

वेळ मात्र सांभाळावी. जुलै-ऑगस्टांतील ओलसर हवा काडीस सुकूं देत नाहीं. एके वर्षीं आम्हीं ऑक्टोबराच्या उन्हांत, पानें अगोदर न काढतां, घाईनें वीस कलमें बांधलीं. पंधरवड्यांत सर्व काळीं पडलीं. दोष खुंटाचा नव्हता, आमच्या घाईचा होता.

कलम जगलें तरी काम संपत नाहीं. सांधा जुळल्यावर पट्टी सोडावी, नाहीं तर ती खोडांत रुतते. लावतांना सांधा मातीच्या वर राहूं द्यावा. सांध्याखालीं आलेला प्रत्येक फुटवा खुडावा. तो रायवळाचा असतो, आणि दुर्लक्ष झाल्यास वरची काडी मरून तोच झाड बनतो. पहिलीं तीन वर्षें मोहोरहि काढून टाकावा.

सभेंत विचारावयाचे प्रश्न : १. कोयीपासून हापूस कां मिळत नाहीं? २. काडीचीं पानें केव्हां कापावीं? ३. सांध्याखालचा फुटवा कां खुडावा?