दाराशी बसलेल्याचे नाव



श्रीमंत मनुष्य व लाजरस हा प्रभू येशूचा दाखला (लूक १६:१९-३१) आपण कितीतरी वेळा ऐकला आहे. आज घरी तो पुन्हा एकदा सावकाश वाचावा. उधळ्या पुत्राला शुभवर्तमानात नाव नाही, चांगल्या शोमरोन्याला नाही, हरवलेले मेंढरू शोधणाऱ्या मेंढपाळालाही नाही. या दाखल्यात पूर्वज अब्राहाम सोडला तर एकाच माणसाला नाव आहे, आणि तो म्हणजे फोडांनी भरलेला, दाराशी पडलेला भिकारी. उंची वस्त्रे घालणाऱ्या श्रीमंताचे नाव प्रभूने सांगितलेच नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. श्रीमंताने लाजरसला मारले नाही की हाकलून दिले नाही. त्याला त्याचे नावही ठाऊक होते, कारण मरणानंतर तो नाव घेऊनच त्याला पाठवण्याची विनंती करतो. पण तेथेही तो बोलतो अब्राहामाशी. लाजरसने पाणी आणावे, भावांकडे निरोप घेऊन जावे, एवढेच त्याला हवे आहे. खुद्द लाजरसशी तो एक शब्दही बोलत नाही. जन्मभर दाराशी असलेला माणूस ओळखीचा होता, मित्र मात्र कधीच झाला नाही. आजच्या पाठात आपण या न बोललेल्या शब्दाचा विचार करणार आहोत.

आपले मालेगाव रस्त्यावरचे गाव. अकोल्याहून वाशिमकडे जाणारा रस्ता येथून जातो, नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना मार्गही येथूनच. अशा गावात ट्रकमधून, एसटीतून कोणी ना कोणी उतरते आणि येथेच राहून जाते. दुकानाच्या ओट्यावर, झाडाच्या पारावर एखादी गाठोड्यासारखी आकृती दिसू लागते. आपण तिला 'तो वेडा' किंवा 'ती म्हातारी' असे नाव देऊन मोकळे होतो. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली, तेव्हा देशात सुमारे १७ लाख ७३ हजार आणि महाराष्ट्रात २ लाख १० हजारांहून अधिक माणसे उघड्यावर आढळली. यातले सगळेच भीक मागत नाहीत आणि सगळेच मनोरुग्णही नसतात. कोणी कामासाठी निघून वाट चुकलेला असतो, कोणाला म्हातारपणी घर नकोसे झालेले असते, कोणाचे घर दारूने नेलेले असते.

ख्रिस्तसभेच्या संतांच्या यादीत असा एक बेघर माणूस आहे. संत बेनेडिक्ट जोसेफ लाब्रे यांचा जन्म १७४८ साली फ्रान्समध्ये झाला. त्यांना मठवासी व्हायचे होते, पण एकाही मठात त्यांचा निभाव लागला नाही. मग ते पायी तीर्थयात्रा करत फिरले आणि शेवटची वर्षे रोममध्ये राहिले. रात्री कलोसियमच्या पडक्या भिंतींच्या आडोशाला झोपायचे आणि दिवसा चर्चमध्ये पवित्र साक्रामेंतासमोर गुडघे टेकून राहायचे. अंगावर चिंध्या, त्यात उवा. भाविकसुद्धा त्यांच्याजवळ बसायला कचरत असतील, यात नवल नाही. १६ एप्रिल १७८३ रोजी, पवित्र सप्ताहातल्या बुधवारी, ते चर्चजवळ कोसळले. त्यांना उचलून नेले गेले ते झाक्कारेल्ली नावाच्या एका खाटकाच्या घरी. त्याच घरात संध्याकाळी त्यांनी प्राण सोडला. वय अवघे पस्तीस. १८८१ साली पोप लिओ तेरावे यांनी त्यांना संत घोषित केले. मला या हकिकतीत संताइतकाच तो खाटीक महत्त्वाचा वाटतो. लाब्रे त्याच्या ओळखीचे होते. आधीची ओळख नसती तर मरणाऱ्या चिंध्याधारी माणसासाठी त्या दिवशी घराचे दार इतक्या सहज उघडले असते का?

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण डॉ. भरत वाटवानी व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांचे. दोघेही मुंबईतले मनोविकारतज्ज्ञ. एकदा एका उपाहारगृहात बसले असताना त्यांना रस्त्यापलीकडे एक हडकुळा तरुण नारळाच्या करवंटीने गटारातले पाणी पिताना दिसला. ते उठून त्याच्याकडे गेले, त्याच्याशी बोलले, त्याला आपल्या दवाखान्यात आणून उपचार केले. बरा झाल्यावर कळले की तो विज्ञानाचा पदवीधर आहे आणि आंध्र प्रदेशातल्या त्याच्या घरी वडील वाट पाहत आहेत. यातूनच १९८८ साली 'श्रद्धा' ही संस्था सुरू झाली. पुढे कर्जतजवळ तिचे केंद्र उभे राहिले आणि रस्त्यावरच्या हजारो मनोरुग्णांना तिने घरी पोहोचवले. २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. औषध डॉक्टरांनी दिले हे खरे; पण घराचा पत्ता औषधातून मिळत नाही. तो बोलण्यातून, थोडा थोडा मिळतो.

म्हणून सुरुवात बोलण्याने करावी. शक्यतो दोघांनी मिळून, दिवसाउजेडी जावे. बाई असेल तर आपल्या भगिनींनी जावे. चहा द्यायचा तर एक कप त्याच्या हातात ठेवून निघू नये. दोन कप घ्यावेत, शेजारी टेकावे आणि आपणही प्यावे. आपले नाव आधी सांगावे, मग त्याचे विचारावे. 'बाबा', 'मावशी' अशी हाक पुरते. 'घर का सोडले?' हा प्रश्न पहिल्या दिवशी नकोच. 'बाबा, जेवले काय?' एवढे पुष्कळ झाले. पुढे कधीतरी 'तुमच्याकडं काय पिकते?' असे विचारून पाहावे. आपल्याकडच्या माणसाला सोयाबीन, तूर आठवेल. कोणी धान म्हणाला तर तो पूर्व विदर्भातला किंवा त्याही पलीकडचा असू शकेल. गावाचे नाव कळले तरी तालुका विचारायला विसरू नये. मालेगाव म्हटले की निम्मा महाराष्ट्र नाशिक जिल्ह्यातले मालेगाव समजतो, आणि खंडोबाच्या यात्रेचे मालेगाव तर नांदेड जिल्ह्यात आहे. आपल्या गावचा कोणी हरवलेला माणूस दूर कोठे 'मालेगाव' एवढेच सांगत बसला असेल, तर त्याची काय गत होईल, याचा विचार करावा.

नाताळात आपण ब्लँकेट वाटतो. ते चांगलेच आहे, थंडी खरी असते. पण ब्लँकेट देताना फोटो काढायचा आणि पुढच्या नाताळापर्यंत तिकडे फिरकायचे नाही, याला मैत्री म्हणता येणार नाही. तसेच कोणाचे केस जबरदस्तीने कापणे, त्याला धरून आंघोळ घालणे आणि त्याचे चित्रण मोबाईलवर पाठवणे हेही मला पटत नाही. आपल्या भावाचे कोणी असे चित्र काढले तर आपल्याला चालेल का? तो नको म्हणाला तर नको. एप्रिल-मे महिन्यात मात्र पाणी आणि सावली यांची चौकशी रोज करावी, कारण आपल्याकडचे ऊन उघड्यावरच्या माणसाला सोडत नाही.

मित्र म्हणजे डॉक्टर नव्हे, हेही ध्यानात असावे. माणूस भ्रमिष्ट वाटला, स्वतःची काळजी घेऊ शकत नसला, तर मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार त्याला संरक्षणात घेणे हे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे लागते आणि हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून त्याचे कुटुंब शोधावे लागते. ही माहिती नम्रपणे, पण ठामपणे सांगावी. मनोविकाराबद्दल सल्ल्यासाठी १४४१६, रुग्णवाहिकेसाठी १०८, मुलांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. पोलिसांबरोबर आपणही जावे. ओळखीचा चेहरा सोबत असला की तो माणूस कमी घाबरतो, आणि त्याने आपल्याला सांगितलेले गावाचे, भावाचे नाव डॉक्टरांच्या कागदावर जाते.

असेही होईल की महिनाभर चहा घेणारा बाबा एका सकाळी ओट्यावर दिसणार नाही. गाठोडेही नसेल. अशा वेळी 'गेला असेल' म्हणून पुढे जाऊ नये. चहावाल्याला, ऑटोवाल्यांना, एसटीच्या वाहकांना त्याचे नाव सांगून विचारावे. सरकारी दवाखान्यात डोकावून यावे आणि पोलीस ठाण्यात त्याचे वर्णन द्यावे.