एका रिपोर्टमागे सारे घराणे



सिकलसेलच्या तपासणीसाठी आम्ही वस्त्यांमध्ये फिरतो तेव्हा दोन प्रश्न हमखास येतात. पहिला तरुण मुलांचा. “ताई, मोबाईलवर डीएनए टेस्टची जाहिरात येते. थुंकी पाठवली की पूर्वज आणि नातेवाईक कळतात म्हणे. करावी का?” दुसरा प्रश्न एखादी आई बाजूला घेऊन हळूच विचारते. “पोराला सिकल निघालं. सासरचे म्हणतात, तुझ्या माहेराहून आलं. खरं का हो?” दोन्ही प्रश्न रक्ताच्या नात्याचे आहेत. म्हणून या महिन्यात दोन्ही एकत्र घेऊ.

नाते डीएनएमध्ये कसे दिसते?

आपला निम्मा डीएनए आईकडून येतो, निम्मा वडिलांकडून. सख्ख्या भावंडांमध्ये सरासरी निम्मा डीएनए सारखा असतो. चुलत, आते, मामे, मावस भावंडांमध्ये साधारण आठवा हिस्सा. नाते जितके लांबचे, तितका हिस्सा कमी. नातेवाईक शोधून देणाऱ्या कंपन्या हेच मोजतात. तुमचा नमुना त्यांच्याकडच्या इतर नमुन्यांशी ताडून पाहतात.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ज्या नातेवाइकाने त्याच कंपनीकडे नमुना दिला आहे, तोच सापडतो. तुमच्या आजीच्या गावात कोणीच नमुना दिला नसेल तर कंपनी काय शोधणार? दुसरे, दिलेली माहिती परत घेणे सोपे नसते. ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या मोठ्या अमेरिकन कंपनीतून 2023 साली सुमारे 69 लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली. मार्च 2025 मध्ये त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तुमचा डीएनए एकट्या तुमचा नसतो. त्यात तुमच्या भावंडांची आणि मुलांचीही माहिती असते.

आपल्या घरांना खरोखर उपयोगी पडणारा नात्याचा शोध वेगळा आहे. तो सरकारी दवाखान्यात मोफत सुरू होतो.

एका अक्षराचा फरक

हिमोग्लोबिन बनवण्याची सूचना डीएनएमध्ये लिहिलेली असते. त्यातले एकच अक्षर बदलले की ‘एस’ हिमोग्लोबिन तयार होते. प्रत्येकाकडे या सूचनेच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. दोन्ही चांगल्या असतील तर ‘एए’. एक बदललेली असेल तर ‘एएस’, म्हणजे वाहक. वाहक सहसा निरोगी असतो, त्याला औषध लागत नाही. दोन्ही बदललेल्या असतील तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. त्याच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे फुटल्यासारखी दुखतात, वारंवार कावीळ होते, रक्त कमी पडते.

हा बदल कोणाच्या पापाचा नाही आणि कोणत्या एका जातीचाही नाही. आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राकाठी आणि भारतात तो सापडतो. वाहकाला गंभीर मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, हे 1954 साली ॲन्थनी ॲलिसन यांनी दाखवले. जिथे मलेरिया जास्त होता तिथे हा बदल पिढ्यान् पिढ्या टिकला. विदर्भातील आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात तो बराच आढळतो. पोटापाण्यासाठी लोक नागपूरहून, अमरावतीहून मुंबई-पुण्याला आले, तेव्हा तोही सोबत आला.

माहेरचे की सासरचे?

मूल एसएस असेल तर एक प्रत आईची आणि एक प्रत वडिलांची असते. म्हणजे ते दोन्ही घरांकडून आले आहे. एकट्या आईला बोल लावणे हे अज्ञान आहे, आणि अन्यायही.

आई-वडील दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक, एएस होण्याची चारात दोन, एए होण्याची चारात एक. “पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली होतील,” असा हिशेब करू नका. प्रत्येक वेळी शक्यता तीच राहते.

आता नातेवाइकांकडे वळा. एसएस मुलाचे काका, आत्या, मामा, मावशी यांच्यापैकी प्रत्येकजण वाहक असण्याची शक्यता किमान निम्मी. त्यांच्या मुलांमध्ये किमान चारात एक. म्हणून एका मुलाचा रिपोर्ट आला की दोन्ही घराण्यांची तपासणी झाली पाहिजे. यातले बरेचजण धडधाकट असतात, त्यामुळे स्वतःहून दवाखान्यात कोणी येत नाही. मामे-आते भावंडांत सोयरीक होणाऱ्या घरांत तर ही तपासणी आधी हवी, कारण तोच बदल दोन्ही बाजूंनी येऊ शकतो.

घराण्याचा तक्ता काढा

वहीचे एक पान घ्या. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी गोल. वर आजी-आजोबा, मध्ये आई-वडील आणि त्यांची भावंडे, खाली मुले. माहेर आणि सासर दोन्ही काढा. एए असेल तर खूण रिकामी, एएस असेल तर अर्धी भरा, एसएस असेल तर पूर्ण भरा. तपासणी झाली नसेल तिथे प्रश्नचिन्ह.

म्हाताऱ्या माणसांना विचारा. लहानपणी कोण गेले? कोणाला सारखे रक्त चढवावे लागे? कोणाचे सांधे थंडीत धरत? लग्नाला किंवा पुण्यानुमोदनाला सारे नातेवाईक जमतात, तेव्हा हे विचारता येते. मग प्रश्नचिन्ह असलेल्या प्रत्येकाला तपासणीला पाठवा.

रिपोर्ट जुळत नसेल तर

कधी असे होते: मूल एसएस, आई एएस, आणि वडिलांचा रिपोर्ट निगेटिव्ह. लगेच घरात संशय सुरू होतो. थांबा. शिबिरातली पहिली चाचणी, म्हणजे सोल्युबिलिटी टेस्ट, फक्त ‘एस’ आहे की नाही एवढेच सांगते. रक्त फार कमी असेल तर ती चुकीने निगेटिव्हही येऊ शकते. नमुन्याची अदलाबदल होऊ शकते. वडील बीटा थॅलेसेमियाचे वाहक असू शकतात. ते या चाचणीत दिसत नाही, पण आईचा ‘एस’ आणि वडिलांचा थॅलेसेमिया मिळून झालेला आजार रिपोर्टमध्ये एसएससारखा दिसू शकतो.

अशा वेळी तिघांचे नवे नमुने घेऊन एचपीएलसी चाचणी करावी. नुकतेच रक्त चढवले असेल तर साधारण तीन महिने थांबावे, नाहीतर रिपोर्टमध्ये रक्तदात्याचे हिमोग्लोबिन मिसळते. तरीही उलगडा झाला नाही तर हिमोग्लोबिनच्या जनुकाची डीएनए चाचणी करतात. बायकोवर संशय घ्यायला हा रिपोर्ट पुरावा नाही. वैवाहिक वादात मुलाची डीएनए चाचणी सरसकट करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही 2023 साली स्पष्ट केले आहे.

डीएनए चाचणी आणखी एका वेळी लागते. दोघेही वाहक असतील तर गरोदरपणाच्या 10 ते 12 आठवड्यांत वारेचा बारीक अंश घेऊन बाळाची तपासणी करता येते. म्हणून दिवस गेल्याबरोबर नोंदणी करा. पुढचा निर्णय त्या जोडप्याचा, त्यातही त्या बाईचा. सासू-सासऱ्यांचा नाही.

लग्न ठरवताना

वाहक असणे हा लग्नाला अडथळा नाही. एएसचे लग्न एएशी झाले तर मुले वाहक होऊ शकतात, एसएस होत नाहीत. ज्या दोघांनी एकमेकांना पसंत केले आहे आणि दोघेही एएस आहेत, त्यांना तोडायचे नाही. त्यांना आधी माहिती द्यायची. त्यासाठी तपासणी सोयरीक ठरण्याआधी, शाळा-कॉलेजच्या वयातच झालेली बरी. मुलाची आणि मुलीची, दोघांचीही.

रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात द्यावा. विहारात नावे वाचून दाखवू नयेत, व्हॉट्सॲपवर फोटो टाकू नये. तक्त्याची वही घरातच राहू द्या. नातेवाइकाला सांगायचे ते त्या माणसाला विचारून सांगा. लाज वाटली की लोक तपासणीच टाळतात, आणि त्याची किंमत पुढचे मूल मोजते.

लक्षात ठेवा

- राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झाले. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे तपासणीची चौकशी करा.
- शिबिरात पॉझिटिव्ह आलात तर तिथेच थांबू नका. एएस की एसएस हे दुसऱ्या चाचणीतच कळते.
- सहा महिन्यांच्या आतील बाळाला सोल्युबिलिटी टेस्ट चालत नाही.
- एसएस रुग्णाला ताप आला, छातीत दुखले, दम लागला किंवा पोट अचानक फुगले तर घरी थांबू नका, त्याच वेळी दवाखान्यात न्या. हायड्रॉक्सियुरिया सुरू असेल तर मनाने बंद करू नका.
- 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे. रुग्णाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करा.