वायर लांब, आवाज लहान!

लालबागच्या आमच्या चाळीत गॅलरीच्या एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला काका. आजी काकांकडे. गुडघे धरले आणि तिचं आमच्याकडे येणं थांबलं. सकाळची नाट्यगीतंही सुटली, कारण टेप आणि अॅम्प्लिफायर आमच्या खोलीत. सेकंड इयरच्या सुट्टीत मी गॅलरीतून वीस मीटर वायर ओढून एक स्पीकर तिच्या उशाशी ठेवला. ऐकून आजी म्हणाली, "तुझ्या डब्याचा घसा बसलाय का रे?"

लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानदाराने सरळ नवा स्पीकर घ्यायला सांगितलं. मेसबिलाचे पैसे मोडणारच होतो, तेवढ्यात सुचलं म्हणून दोन्ही स्पीकर्सची अदलाबदल केली. घसा आजीकडेच बसलेला! म्हणजे दोष वायरचा.

आता थोडं गणित. R = ρL/A, फर्स्ट इयरला घोकलेलं. तांब्याची रेझिस्टिव्हिटी १.७२ × १०⁻⁸ ओहम-मीटर. माझी वायर ०.२५ चौ. मिमी. जाऊन-येऊन लांबी ४० मीटर (इथेच सगळे चुकतात, २० धरतात). उत्तर २.७५ ओहम. वायरचं पलीकडचं टोक शॉर्ट करून मल्टिमीटरने मोजलं, जवळपास तेवढंच आलं. ८ ओहमच्या स्पीकरला मिळणारी पॉवर (८/१०.७५)², म्हणजे फक्त ५५ टक्के. शिवाय स्पीकरचा इम्पिडन्स प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा, त्यामुळे घट सारखी होत नाही आणि सुराचा पोतही बदलतो. व्हॉल्यूम वाढवावा, तर आमच्या खोलीत कान किटतात.

उपाय साधा: जाड वायर. २.५ चौ. मिमीची घेतली, रेझिस्टन्स ०.२७५ ओहमवर आला आणि पॉवर ९३ टक्क्यांवर गेली. ठोकताळा असा, की वायरचा एकूण रेझिस्टन्स स्पीकरच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा. ८ ओहमला १.५ चौ. मिमी वायर साधारण १७ मीटरपर्यंत चालते.

"दोन्ही वायरी समान लांबीच्या हव्यात, नाहीतर आवाज मागे-पुढे येतो," असंही सांगतात. दहा मीटरच्या फरकाने सिग्नल जेमतेम ५० नॅनोसेकंद उशिरा पोचतो. तेवढ्या वेळात आवाज हवेत केसाच्या जाडीइतकाही सरकत नाही!

मग गणेशोत्सवात गल्लीच्या टोकापर्यंतचे कर्णे कसे वाजतात? तिथे १०० व्होल्ट लाइन वापरतात. व्होल्टेज वाढवलं की तेवढ्याच पॉवरला करंट कमी लागतो आणि वायरमधला लॉस करंटच्या वर्गाने घटतो. कर्ण्यापाशी ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज पुन्हा उतरवतो. महापारेषणच्या लाइनचंच हे धाकटं भावंडं.

नवी वायर जोडल्यावर आजी काही बोलली नाही. डोळे मिटून मांडीवर ताल धरला. मला व्हायवा पास झाल्यासारखं वाटलं.

ता.क. : हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये हा प्रयोग करू नये. रेक्टरसरांपर्यंत आवाज विनावायर पोचतो.